प्रसूतिगृहातील सोबतीण

रात्रीचे दोन वाजले आहेत. नोएडातील एका उंच इमारतीच्या अठराव्या मजल्यावर दिवा लागतो. नऊ महिने पूर्ण होत आलेल्या तरुणीच्या कमरेत मघापासून कळ येते आणि ओसरते. ती खरी की फसवी, हे तिला ठरवता येत नाही. पती घड्याळ हातात घेऊन दोन कळांमधील अंतर मोजू लागतो. पण त्याचाही जीव थाऱ्यावर नाही. तिची आई लातूरला, सासूबाई सांगलीला. दोघींची गाडीची तिकिटे पुढच्या आठवड्याची. शेजारची मंडळी सज्जन आहेत, परंतु ओळख लिफ्टमधल्या नमस्कारापुरती. रुग्णालयात दूरध्वनी केला तर उत्तर मिळते, ‘कळा पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की या.’ तोवरचे हे तास कोणाच्या आधाराने काढावयाचे?

हे दृश्य कल्पनेतले आहे. पण राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांना ते परके वाटणार नाही. ‘सुईण आहे तोवर बाळंत होऊन घ्यावे’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. मदत हाताशी आहे तोवर काम उरकून घ्यावे, असा तिचा व्यवहारी अर्थ. आज डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, यंत्रे आहेत, रक्तपेढ्या आहेत. नाही ती पहिल्या कळेपासून बाळाच्या पहिल्या रडण्यापर्यंत उशाशी बसून राहणारी अनुभवी बाई. तिची ही रिकामी झालेली जागा घेणाऱ्या प्रशिक्षित स्त्रीला आज जगभर ‘डूला’ म्हणतात. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या परिसरातही आता हा शब्द कानांवर पडू लागला आहे. ही डूला नेमके काय करते, तिची गरज का भासावी आणि ज्यांना तिचे मानधन परवडत नाही त्यांनी काय करावे, याचा विचार या लेखात करू.

माहेरची वाट लांबली

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज केवळ हौसेचा नव्हता. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की लेक माहेरी येई. तेथे आई, आजी, मावशी, काकू अशा बाळंतपणे पाहिलेल्या बायकांचा गराडा तिच्याभोवती असे. कळा सुरू झाल्यावर पाठीवर हात फिरवणारी एक, पाणी पाजणारी दुसरी, ‘आता थोडेच राहिले’ असे म्हणणारी तिसरी. नंतरचे सव्वा-दीड महिने तेल, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांत जात. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हणणाऱ्या समाजाने त्या जन्माला साक्षीदार आणि सोबत दोन्ही ठेवली होती.

ज्या स्त्रियांना अशी सोबत नाकारली गेली, त्यांची वेदना ओळखणारी माणसेही याच भूमीत झाली. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. समाजाच्या भयाने लपतछपत फिरणाऱ्या गरोदर विधवांना तेथे सुरक्षितपणे बाळंत होता येई. १८७४ मध्ये फुले दांपत्याने अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. एकट्या पडलेल्या गर्भवतीला ‘तू ये, आम्ही आहोत’ असे सांगणे हेच त्या गृहाचे मोठे औषध होते.

मात्र जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. घरच्या बाळंतपणात माया होती. पण अतिरक्तस्राव, झटके, अडलेले मूल आणि जंतुसंसर्ग यांच्यापुढे ती माया हतबल ठरे. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. त्याच आनंदीबाईंनी अमेरिकेत वैद्यकीचे शिक्षण पूर्ण करताना, १८८६ मध्ये, आपल्या प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला. तेव्हा प्रश्न जुन्याकडे परतण्याचा नाही. रुग्णालयाने दिलेली सुरक्षितता कायम ठेवून घरातली सोबत तेथे कशी न्यावी, हा आहे.

दिल्लीतील दाई आणि दिल्लीतील दवाखाना

दिल्लीच्या इतिहासात हा प्रश्न ठळकपणे दिसतो. १९१६ मध्ये येथे स्त्रियांसाठी लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परपुरुष डॉक्टरकडे जाण्यास न धजणाऱ्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, हा त्यामागील एक मोठा हेतू होता. पाठोपाठ १९१८ मध्ये लेडी रीडिंग हेल्थ स्कूलमध्ये स्त्री आरोग्यसेविकांचे शिक्षण सुरू झाले. त्याआधी, १९०३ मध्ये, देशातील पारंपरिक दायांना स्वच्छ प्रसूतीचे शिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी उभारण्यात आला होता. दाईला शिकवावे की तिला बाजूला सारून नवी व्यवस्था उभारावी, हा वाद तेव्हापासून चालत आलेला आहे.

उत्तरेत ‘दाई से पेट नहीं छुपता’ अशी म्हण आहे. दाईपासून काही लपत नाही, इतके ते नाते जवळचे. दिल्लीत काम करणाऱ्या ‘मातृका’ या संस्थेने, जॅनेट चावला यांच्या पुढाकाराने, उत्तर भारतातील दायांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवले. प्रसूती अडली की घरातील कुलपे उघडावयाची, पेट्यांची झाकणे काढावयाची, बाळंतिणीची वेणी सोडावयाची, कपड्यांच्या गाठी सैल करावयाच्या, अशा रीती या बायका सांगतात. कुलूप उघडल्याने गर्भाशयाचे मुख उघडत नाही, हे खरे. परंतु आपल्याभोवती सारे घर आपल्यासाठी ‘उघडत’ आहे, हे पाहून त्या स्त्रीच्या मनाची गाठ सैल होत असेल, तर त्या रीतीला अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही.

दरम्यान काळ पुढे गेला. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या घरोघरी पोहोचल्या आणि देशाचे चित्र पालटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३९ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते; ते २०१८-२० मध्ये ९७ पर्यंत उतरले. हे यश फार मोठे आहे आणि त्याचे श्रेय रुग्णालयांना, डॉक्टरांना व परिचारिकांना मिळालेच पाहिजे.

पण या यशाच्या मागे दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे शस्त्रक्रियांची वाढ. त्याच पाहण्यांनुसार सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेले. आणि २०१९-२१ मध्ये खासगी रुग्णालयांतील प्रसूतींपुरते पाहिले तर ते ४७ टक्क्यांच्या पुढे होते. आवश्यक तेथे सिझेरियन ही जीवदान देणारी शस्त्रक्रिया आहे. तथापि निम्म्याच्या जवळपास मातांना ती लागावी, याचे समर्थन केवळ वैद्यकीय कारणांनी करणे कठीण आहे. दुसरी गोष्ट आकड्यांत दिसत नाही. गर्दीच्या प्रसूतिकक्षात नातेवाइकांना दाराबाहेर थांबवले जाते आणि आयुष्यातील सर्वांत कठीण तास ती स्त्री अनोळखी माणसांत, छताकडे पाहत, एकटी काढते. घरून निघताना जिच्यासोबत चौघे असतात, ती दारापलीकडे गेल्यावर एकटीच उरते.

डूला म्हणजे कोण?

‘डूला’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील. त्याचा अर्थ सेवा करणारी स्त्री, दासी. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्तनपानविषयक पुस्तकात, नव्या आईला आधार देणाऱ्या अनुभवी स्त्रीसाठी तो वापरला. पुढे मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांनी या सोबतीचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९९२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील डूलांची संघटना स्थापन केली. डूला ही ‘आईची आई’ होते, हा त्यांच्या मांडणीचा सारांश.

डूला डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे आणि सुईणही नव्हे. ती रक्तदाब मोजत नाही, अंतर्गत तपासणी करीत नाही, औषध देत नाही, बाळाला हातात झेलत नाही. वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचा आणि संमती त्या स्त्रीची; डूला यांपैकी कोणाचीही जागा घेत नाही. तिचे काम एकच, ते म्हणजे सतत जवळ राहणे. पाळी संपली म्हणून परिचारिका बदलते, दुसरा रुग्ण आला म्हणून डॉक्टर जातात. डूला मात्र प्रसूती होईपर्यंत जागची हलत नाही.

साधारणपणे गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती कुटुंबाला दोन-तीन वेळा भेटते. कळा कशा येतात, रुग्णालयात केव्हा निघावे, कोणत्या उपायांना कोणते पर्याय असतात, हे समजावून देते. स्त्रीची भीती कशाची आहे, तिला काय हवे आहे आणि काय नको, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांशी आधीच बोलून घेण्यास सुचवते. प्रत्यक्ष कळांच्या वेळी ती कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाब देते, गरम पाण्याच्या पिशवीने शेकते, श्वासाची लय धरून देते. उभे राहणे, चालणे, गुडघ्यांवर ओणवे होणे, मोठ्या चेंडूवर बसून डुलणे, अशा स्थिती बदलण्यास मदत करते. पाण्याचा घोट, कपाळावर ओले फडके, धीराचा शब्द. आपल्या आज्यांनी पाहिले असते तर त्या म्हणाल्या असत्या, ‘यात नवे ते काय?’ आणि ते खरेच आहे. नवे इतकेच, की ही सोबत आता शिकून, विचारपूर्वक आणि रुग्णालयाच्या शिस्तीत राहून दिली जाते.

पतीची जागा डूला घेते काय, अशी शंका अनेकांना येते. अनुभव उलट आहे. प्रसूतिकक्षात प्रथमच पाऊल टाकणारा पती भांबावलेला असतो. हात कोठे धरावा, केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हे डूला त्याला दाखवते. तो दोन तास डोळा लावून आला, तरी त्या वेळेत पत्नी एकटी पडत नाही.

सोबतीचे शास्त्र

केवळ जवळ बसल्याने काय फरक पडतो, असा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही स्त्रियांसोबत एक अनोळखी पण मायाळू स्त्री सतत ठेवण्यात आली. गुंतागुंत न झालेल्या प्रसूतींमध्ये, दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंतचा काळ सोबत असलेल्यांत सरासरी ८.८ तास, तर सोबत नसलेल्यांत १९.३ तास भरला. हा अभ्यास लहान होता. १९९१ मध्ये ह्यूस्टन येथील चारशेहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात डूला असलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण ८ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात १८ टक्के आढळले.

एका-दोन अभ्यासांवर विसंबणे योग्य नव्हे. म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला कॉक्रेन आढावा महत्त्वाचा. त्यात १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र पाहण्यात आली. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत सिझेरियनची शक्यता सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसली. कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांच्या आसपास कमी झाला. म्हणजे ग्वाटेमालाइतका नाट्यपूर्ण नव्हे, पण निश्चित. प्रसूतीच्या अनुभवाविषयी नाराजीही या स्त्रियांत कमी होती आणि या सोबतीचा कोणताही अपाय आढळला नाही. औषधाच्या दुकानात न मिळणाऱ्या या उपायाचे हे गुणधर्म विचार करावयास लावणारे आहेत.

असे का घडत असावे? गर्भाशयाचे आकुंचन ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असते. भीती वाटली की शरीर अ‍ॅड्रेनालिन स्रवते, स्नायू ताठरतात आणि कळांची लय बिघडू शकते. भीतीतून ताण, ताणातून वेदना आणि वेदनेतून पुन्हा भीती, हे चक्र ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. ओळखीचा हात हे चक्र पहिल्याच वळणावर तोडू पाहतो.

हक्क कागदावरचा आणि कक्षातला

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतली पाहिजे. सोबत ही केवळ श्रीमंतांची चैन नाही. शासनानेही ती मान्य केली आहे. तामिळनाडूने २००४ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूती-सोबतिणीची पद्धत सुरू केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक आरोग्य संस्थांमध्ये प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. सोबतीण शक्यतो स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांतील आणि कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा न आणणारी असावी, अशा साध्या अटी त्यात आहेत. जेथे इतर स्त्रियांची एकांतता राखता येते, तेथे पतीलाही मुभा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष गुणवत्ता उपक्रमानेही सन्मानपूर्वक वागणुकीचा आग्रह धरला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने अनेक ठिकाणी प्रसूतिकक्षाची दारे सोबतीला बंद झाली, तेव्हाही संघटनेने ही भूमिका सोडली नाही.

ब्राझीलने २००५ मध्ये हा हक्क कायद्यानेच दिला. अमेरिकेतील ऑरेगन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत गरीब मातांसाठीच्या सरकारी योजनेतून डूलाचे मानधन दिले जाते. आपल्याकडे डूलाची व्यवस्था अजून बहुतांशी खासगी आहे आणि महानगरांतील सुस्थित घरांपुरती मर्यादित आहे. गुरुग्राममधील सदनिकेत राहणाऱ्या स्त्रीला ती मिळू शकते. त्याच सदनिकेत भांडी घासावयास येणाऱ्या, गावापासून शेकडो कोस दूर असलेल्या गरोदर बाईला नाही. वास्तविक दोघींचीही माहेरे सारखीच दूर आहेत. खरी कसोटी या दुसऱ्या स्त्रीबाबत आहे. तिच्यासाठी २०१६ ची सूचना, तिची नणंद वा शेजारीण आणि तिची आशा ताई, हेच डूलाचे रूप ठरू शकते. त्या शेजारणीला आधी तासभर माहिती दिली, प्रसूतिकक्षात दोन खाटांमध्ये एक पडदा लावला आणि बसावयास एक स्टूल ठेवले, तर फार खर्चाविना पुष्कळ साधेल. महाराष्ट्र शासनाने २०१०-११ च्या सुमारास आदिवासी भागांत प्रसूतीपूर्वी राहण्याच्या जागांना ‘माहेरघर’ हे नाव दिले. त्या नावातच गरज नेमकी ओळखलेली आहे.

निवड करताना

भारतात डूलांची नोंदणी करणारी कायदेशीर परिषद नाही. प्रशिक्षण व प्रमाणपत्रे देशी-विदेशी खासगी संस्था देतात. म्हणून निवड डोळसपणे करावी. तिने कोठे शिक्षण घेतले, किती प्रसूतींना ती हजर राहिली, ऐन वेळी ती आजारी पडल्यास पर्यायी व्यक्ती कोण, मानधनात किती भेटी व किती तास धरले आहेत, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. ज्या रुग्णालयात प्रसूती व्हावयाची आहे, ते डूलाला आत येऊ देते काय, याची चौकशी आठव्या महिन्याच्या आधीच करावी. अनेक ठिकाणी पती किंवा डूला, दोघांपैकी एकालाच प्रवेश असतो.

‘माझ्यामुळे सिझेरियन होणारच नाही’ असे आश्वासन देणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहणे उत्तम. चांगली डूला शस्त्रक्रियेला शत्रू मानत नाही. शस्त्रक्रिया आवश्यक ठरली तर तिचे कारण समजून घेण्यास ती मदत करते, जेथे परवानगी असेल तेथे जवळ राहते आणि नंतर बाळाला छातीशी घेण्यास आधार देते. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांसमोर अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, पाणी जाणे, यांपैकी काहीही जाणवले तर डूलाच्या उत्तराची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. वाहनासाठी १०२ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

बाळाच्या आगमनाची आर्थिक तयारीही वेळेत झालेली बरी. आरोग्य विम्यात प्रसूतीचा खर्च अंतर्भूत आहे काय आणि त्यासाठी प्रतीक्षा कालावधी किती, हे विवाहानंतर लगेच तपासावे. गर्भधारणेनंतर काढलेल्या पॉलिसीचा या कामी सहसा उपयोग होत नाही. दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकली तर ऐन वेळी धावाधाव होत नाही. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून पात्र नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. राजधानीतील अनेक घरांना ती उपयोगी पडते. पात्र मातांना प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेखाली पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य थेट त्यांच्या खात्यात मिळते. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईचे स्वतःच्या नावे, आधारशी जोडलेले खाते आहे काय, एवढी विचारपूस करणे हीसुद्धा एक प्रकारची सोबतच आहे.

बाळ आले, पुढे काय?

प्रसूती झाली की साऱ्यांचे लक्ष बाळाकडे वळते आणि आई बाजूला पडते. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी धरून अंगावर पाजण्यास सुरुवात करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. थकलेल्या आईला हे एकटीने साधत नाही. बाळाची मान कशी धरावी, ते नीट ओढते आहे की नाही, हे दाखवणारी कोणीतरी लागते. काही डूला प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत घरी येऊन हेच काम करतात. पूर्वी ते काम पाचवीच्या पूजेपासून बारशापर्यंत घरात राबणाऱ्या बायका करीत.

या काळात पुष्कळ मातांना कारण नसताना रडू येते, चिडचिड होते. काही दिवसांत ते ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘सगळ्यांचेच बाळंतपण होते, हिलाच काय झाले?’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. त्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे. जवळचे माणूस असेल तरच हा फरक वेळीच लक्षात येतो.

पुन्हा त्या अठराव्या मजल्यावरील घराकडे वळू. दिवा लागला आहे, कळा येत आहेत, आई लातूरला आहे. त्या रात्री दारावर येणारी व्यक्ती प्रशिक्षित डूला असेल, खालच्या मजल्यावरील दोन मुलांची आई असेल, नाहीतर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेली एखादी काकू असेल. तिच्या हाती स्टेथोस्कोप नसेल. ती फक्त बूट काढून आत येईल, गरम पाण्याची पिशवी भरावयास सांगेल आणि त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणेल, ‘मी आहे. आता कोठेही जाणार नाही.’

आपल्या इमारतीत, कार्यालयात वा ओळखीत कोणाचे दिवस भरत आले असतील, तर तिचे माहेर किती दूर आहे, याची आजच चौकशी करावी. म्हणीतली ती सुईण आता सहजी भेटत नाही. तिची जागा मात्र आपल्यापैकी कोणीही घेऊ शकते.